आयुक्तांची खुर्ची: युकॉनचे शासन आणि तिथल्या स्त्रिया

कॅनडात दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. 'प्रांत' आणि 'प्रदेश' हे शब्द आपल्याला जवळपास सारखेच वाटतात, पण तिथे त्यांच्यातला फरक फार मोठा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय त्या देशाच्या उत्तर टोकावरचे राजकारण उमगत नाही. प्रांताचे अधिकार थेट राज्यघटनेतून आलेले असतात, त्यामुळे केंद्र सरकार ते आपल्या मर्जीने काढून घेऊ शकत नाही. प्रदेशाचे अधिकार केंद्रीय संसदेच्या कायद्यातून येतात. संसदेने जेवढे दिले तेवढेच त्याचे. युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत हे ते तीन प्रदेश. त्यांपैकी एकट्या युकॉनचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट आहे आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

गोव्यातल्या वाचकांना ही व्यवस्था चटकन कळेल. १९८७ मध्ये घटक राज्य होईपर्यंत गोवा केंद्रशासित प्रदेश होता. तिथे निवडून आलेली विधानसभा होती, मुख्यमंत्री होते (१९७३ ते १९७९ या काळात शशिकला काकोडकर) आणि त्यांच्या जोडीला दिल्लीने नेमलेले नायब राज्यपालही होते. अशा ठिकाणी शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न रोजच्या कारभारात पुन्हा पुन्हा उभा राहतो. युकॉनमध्ये हा प्रश्न सुटायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. या सगळ्या काळात तिथल्या स्त्रिया एकेक पद मिळवत गेल्या, पण पद मिळाले म्हणजे अधिकार मिळालाच असे झाले नाही. तिथल्या स्त्रियांविषयी लिहिताना बहुतेक वेळा 'पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक' अशी जंत्री दिली जाते. ती खरी असते, पण त्या-त्या वेळी त्या खुर्चीला किती अधिकार होता हे सांगितल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

सुरुवात सोन्यापासून करावी लागते. ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. तिथे चार माणसे होती: टॅगिश समाजातली शाव त्ला, जिला गोरे लोक केट म्हणत, तिचा भाऊ किश, ज्याला स्कूकम जिम म्हणत, त्यांचा भाचा डॉसन चार्ली, आणि केटचा अमेरिकन नवरा जॉर्ज कार्मॅक. शोधाचा दावा नोंदवला गेला तो कार्मॅकच्या नावावर. सोने नेमके कोणाच्या नजरेस पडले याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांतल्या एका हकिकतीत ते केटलाच सापडले असे सांगितले जाते. ज्याच्याबद्दल शंका नाही ते इतके, की त्या बिऱ्हाडाचे पोट तिच्या हातांवर चालत होते. शिकार, फळे-मुळे गोळा करणे, कातडी कमावून बूट आणि हातमोजे शिवणे आणि ते खाणकामगारांना विकणे ही कामे ती करत होती, आणि ज्या थंडीत उघडा हात काही मिनिटांत बधिर होतो तिथे नीट शिवलेला हातमोजा चैनीची वस्तू नसतो. १९०० मध्ये कार्मॅकने तिला कॅलिफोर्नियात सोडून दुसरे लग्न केले. ती कारक्रॉसला आपल्या माणसांत परतली आणि १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. कॅनडाच्या खाण उद्योगाने तिला आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतले ते त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी.

सोन्याच्या बातमीने हजारो माणसे उत्तरेकडे निघाली. हद्दीवरचे पोलीस प्रत्येकाकडे वर्षभराची शिधासामग्री आहे की नाही ते पाहत. सगळे मिळून हे ओझे माणशी एक टनाच्या आसपास जाई आणि चिलकूट खिंडीचा चढ त्यासाठी पुन्हा पुन्हा चढावा लागे. इतकी माणसे आणि इतका पैसा आल्यावर तिथला महसूल कोणाचा, यावर भांडण होणारच होते. तेव्हा युकॉन हा नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा भाग होता आणि तिथल्या रेजायना येथील सरकारने डॉसन या सोन्याच्या भागातल्या गावातील दारूविक्रीच्या परवान्यांचे पैसे गोळा करायला आपला माणूस पाठवला. केंद्राला ते रुचले नाही. जून १८९८ मध्ये युकॉन कायदा झाला आणि हा भाग वेगळा प्रदेश म्हणून थेट ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या राजधानीच्या, हाताखाली आला.

या कायद्याने जी व्यवस्था घालून दिली तिच्या शिखरावर होता आयुक्त. त्याची नेमणूक केंद्राने करायची आणि त्याने केंद्रालाच जबाबदार राहायचे. त्याच्या मदतीला नेमलेल्या सदस्यांची परिषद. १९०० मध्ये तिच्यात दोन निवडून आलेले सदस्य आले आणि १९०९ पासून दहाच्या दहा सदस्य निवडून येऊ लागले. पण परिषद निवडून आली म्हणून राज्य लोकांचे झाले नाही. परिषद ठराव करी, कायदे करी, पण खाती चालवणे, नोकर नेमणे, पैसा प्रत्यक्ष खर्च करणे आयुक्ताच्या हाती राही, आणि परिषदेचा विश्वास गमावला म्हणून आयुक्ताला खुर्ची सोडावी लागत नसे. ज्याला जबाबदार शासनपद्धती म्हणतात, म्हणजे कारभार करणाऱ्याने निवडून आलेल्या सभागृहाला उत्तर द्यायचे, ती इथे नव्हती.

स्त्रियांना या व्यवस्थेत मत नव्हते. मात्र खाणकामाच्या नियमांत 'फ्री मायनर', म्हणजे परवानाधारक खाणकामगार, या शब्दाची व्याख्या अठरा वर्षांवरील पुरुष किंवा स्त्री अशी होती. म्हणजे बाईने सोन्याचा दावा नोंदवावा, त्यावर शुल्क भरावे, पण त्या पैशाचे काय करायचे हे ठरवणाऱ्या परिषदेसाठी मत देऊ नये. आयर्लंडमध्ये जन्मलेली बेलिंडा मलरूनी १८९७ मध्ये डॉसनला आली ती कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन. त्या थंडीत अशी पिशवी मिळावी म्हणून माणसे मागाल ती किंमत देत होती. त्या नफ्यातून तिने आधी खाणींच्या जवळ खानावळ आणि मुक्कामाची जागा काढली, मग १८९८ मध्ये डॉसनमध्ये फेअरव्ह्यू नावाचे हॉटेल बांधले आणि खाणींच्या दाव्यांतही पैसा गुंतवला. एवढा व्यवहार सांभाळणाऱ्या बाईला मतपत्रिका मिळत नव्हती, तर तिच्याच खानावळीत उधारीवर जेवणाऱ्या पुरुषाला ती मिळत होती.

युकॉनच्या परिषदेने स्त्रियांना मताधिकार दिला तो १९१९ मध्ये. संघीय निवडणुकीतला अधिकार त्याआधीच्या वर्षी मिळाला होता. पण याच सुमारास त्या मताची किंमत उतरली होती. सोने आटल्यावर १९०१ मध्ये सत्तावीस हजारांवर असलेली लोकसंख्या १९२१ मध्ये जेमतेम चार हजारांवर आली. केंद्राने खर्चाला कात्री लावली आणि दहा सदस्यांच्या परिषदेत फक्त तीन सदस्य उरले. पुढची तीस वर्षे हे असेच चालले. आणि हा मताधिकार तरी कोणत्या स्त्रियांचा? केट कार्मॅकच्या समाजातल्या, कायद्याने 'इंडियन' म्हणून नोंदवलेल्या स्त्री-पुरुषांना संघीय निवडणुकीत अट न घालता मत मिळाले ते थेट १९६० मध्ये. युकॉनमधल्या मताधिकाराचा इतिहास सांगताना १९१९ एवढेच वर्ष सांगितले जाते, तेव्हा ही एकेचाळीस वर्षे गाळली जातात; मला ही मोठी चूक वाटते.

मार्था ब्लॅक हे नाव या काळात सर्वात पुढे येते. शिकागोच्या सधन घरातली ही बाई १८९८ मध्ये नवऱ्याबरोबर क्लोंडाइकला निघाली होती. नवऱ्याने ऐन वेळी माघार घेतली, तेव्हा ती भावाबरोबर निघाली. लांब घोळदार स्कर्ट, कमरेला आवळलेली कॉर्सेट आणि पोटात मूल, अशा अवस्थेत तिने चिलकूटची खिंड ओलांडली. पुढच्या जानेवारीत डॉसनमधल्या ओंडक्यांच्या झोपडीत ती बाळंत झाली. नंतर तिने लाकडाची गिरणी चालवली, वकील जॉर्ज ब्लॅक यांच्याशी दुसरे लग्न केले, आणि ते १९१२ मध्ये आयुक्त झाल्यावर सरकारी निवासाची यजमानीण झाली. १९३५ मध्ये जॉर्ज ब्लॅक आजारी पडले तेव्हा ते युकॉनचे खासदार होते. त्यांच्या जागी मार्थाबाई वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी उभ्या राहिल्या आणि १३४ मतांनी निवडून आल्या. कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आलेल्या त्या दुसऱ्या स्त्री.

मार्थाबाई नवऱ्याची जागा राखण्यासाठी गेल्या होत्या असे म्हटले जाते, आणि ते खोटे नाही. प्रकृती सुधारल्यावर १९४० मध्ये जॉर्ज ब्लॅक पुन्हा त्या जागेवर गेले. पण साठी उलटलेल्या बाईने, रस्ते जवळजवळ नसलेल्या एवढ्या मोठ्या मतदारसंघात वस्तीवस्तीला जाऊन मते मागणे हे कोणाची तरी जागा राखण्याएवढे सोपे काम नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या निवडून आल्या त्या ओटावाला; खुद्द युकॉनच्या परिषदेत स्त्री निवडून यायला अजून बत्तीस वर्षे होती. उत्तरेकडच्या बाईला देशाच्या संसदेत जाणे घरच्या परिषदेत जाण्यापेक्षा आधी जमले. तीन सदस्यांच्या परिषदेत जागाच इतक्या कमी होत्या की नव्या माणसाला शिरकाव मिळणे कठीण होते.

१९४२ मध्ये युद्धाच्या गरजेतून अलास्का महामार्ग झाला, १९५३ मध्ये राजधानी डॉसनहून व्हाइटहॉर्सला आली आणि परिषदेच्या जागा हळूहळू वाढू लागल्या. १९६७ मध्ये जीन गॉर्डन या परिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७० मध्ये निवडून आलेल्या हिल्डा वॉटसन यांना तर त्या वेळी नव्यानेच स्थापन झालेल्या कार्यकारी समितीत घेतले गेले. ही समिती समजून घ्यायची तर आपल्याकडे १९१९ च्या सुधारणांनी आणलेली द्विदल राज्यपद्धती आठवावी. आयुक्त आणि त्याचे नेमलेले अधिकारी एका बाजूला, निवडून आलेले दोन सदस्य दुसऱ्या बाजूला, आणि खाती दोघांत वाटलेली. वॉटसन यांच्याकडे शिक्षण आले. अर्ध्या अधिकाराचे का होईना, पण खाते चालवणारी लोकनियुक्त बाई युकॉनने पहिल्यांदा पाहिली.

१९७८ मध्ये युकॉनमध्ये प्रथमच पक्षांच्या चिन्हाखाली निवडणूक झाली. हिल्डा वॉटसन प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या होत्या आणि त्यांच्या पक्षाने सोळापैकी अकरा जागा जिंकल्या. त्या स्वतः मात्र आपल्या क्लुएन मतदारसंघात पडल्या. पक्ष सत्तेवर आला, नेता बाहेर राहिली, आणि नेतृत्व ख्रिस पिअरसन यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षी जे घडले ते पाहता, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने त्यांची केवढी संधी हुकली हे कळते.

कारण १९७९ च्या जानेवारीत आयुक्तपदावर आयोन क्रिस्टन्सन आल्या. त्या पदावरची ही पहिली स्त्री. त्यांचे बालपण युकॉन नदीकाठच्या फोर्ट सेलकर्क या लहानशा वस्तीत गेले, वडील तिथले पोलीस. त्या युकॉनमधल्या बाल न्यायालयात न्यायाधीश होत्या, व्हाइटहॉर्सच्या पहिल्या महिला महापौर होत्या. त्यांच्या घरात पावासाठी लागणारे आंबवण आहे. त्यांच्या पणजोबांनी सोन्याच्या लाटेत चिलकूट ओलांडताना ते बरोबर आणले होते आणि शंभराहून अधिक वर्षे, आपण विरजण जपावे तसे, ते पिठावर जगवत ठेवले गेले आहे. २०१८ मध्ये त्याचा नमुना बेल्जियममधल्या अशा आंबवणांच्या संग्रहात ठेवला गेला. युकॉनमध्ये पूर्ण हिवाळा काढलेल्या जुन्याजाणत्या माणसाला या आंबवणावरूनच 'सावरडो' म्हणतात, आणि नवख्याला 'चीचाको'. वर्षानुवर्षे ओटावाहून आलेले चीचाको आयुक्त सहन केलेल्या प्रदेशाला या वेळी अस्सल सावरडो मिळाली होती.

९ ऑक्टोबर १९७९ रोजी केंद्रातले मंत्री जेक एप यांनी त्यांना पत्र पाठवले. सूचना थोडक्यात अशा होत्या: रोजच्या कारभारातून आयुक्तांनी बाजूला व्हावे, कार्यकारी परिषदेत फक्त निवडून आलेले सदस्य असावेत, आणि आयुक्तांनी त्यांचा सल्ला मानून चालावे. एका पत्राने, कायद्यातला शब्दही न बदलता, आयुक्तपद राज्यपालासारखे झाले आणि निवडून आलेल्या नेत्याचे पद मुख्यमंत्र्याचे झाले. जबाबदार शासनपद्धती युकॉनला मिळाली ती अशी. क्रिस्टन्सन यांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. खुर्चीवर बसून त्यांना वर्षही झाले नव्हते.

या घटनेकडे मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मला दोन गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. पत्र योग्य होते. नेमलेल्या माणसाच्या हातचा कारभार निवडून दिलेल्या माणसांकडे जाणे ही युकॉनची कित्येक वर्षांची मागणी होती आणि ती पूर्ण होणे आवश्यक होते. आणि त्याच वेळी, एक्याऐंशी वर्षे पुरुषांच्या हाती राहिलेले संपूर्ण अधिकाराचे पद पहिल्यांदा स्त्रीकडे आले आणि नऊ महिन्यांत रिकामे झाले, हेही खरे आहे. त्यात कोणी स्त्रीविरोधी डाव टाकला असे म्हणायला आधार नाही. पण हिल्डा वॉटसन जिंकल्या असत्या, तर पत्रानंतर ते अधिकार एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे गेले असते. तसे झाले नाही. युकॉनला पहिली महिला मुख्यमंत्री, पॅट डंकन, मिळाली ती २००० मध्ये, आणि त्यांचेही सरकार आमदारांच्या गळतीमुळे अडीच वर्षांत निवडणुकीला सामोरे गेले आणि हरले. प्रदेशाच्या जमिनीचे आणि खनिजांचे नियंत्रण ओटावाकडून युकॉनकडे आले ते १ एप्रिल २००३ रोजी, म्हणजे डंकन पायउतार झाल्यानंतर.

शेजारच्या दोन प्रदेशांनी याच प्रश्नाला वेगळ्या वाटांनी हात घातला. नुनावुत १९९९ मध्ये अस्तित्वात येणार होते, त्याआधी त्याच्या उभारणीचे काम पाहणाऱ्या आयोगाने असा प्रस्ताव मांडला की प्रत्येक मतदारसंघातून दोन आमदार निवडावेत, एक स्त्री आणि एक पुरुष. आपल्याकडच्या पंचायतींतल्या आरक्षणाहून ही कल्पना वेगळी होती. आपल्याकडे काही जागा फेऱ्याफेऱ्याने स्त्रियांसाठी राखल्या जातात. तिथे कोणतीच जागा कोणाकडून काढून घ्यायची नव्हती, प्रत्येक मतदाराने दोन मते द्यायची होती. मे १९९७ मध्ये यावर सार्वमत झाले. चाळीस टक्क्यांहूनही कमी मतदार आले आणि त्यांतल्या ५७ टक्क्यांनी प्रस्ताव नाकारला. विरोध करणाऱ्यांत मॅनिटोक थॉम्प्सन या इनुइट मंत्रीही होत्या. स्त्रीने स्वतःच्या कर्तृत्वावर यावे असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या निवडणुकीत एकोणीस आमदार निवडून आले आणि त्यांत एकच स्त्री होती, त्याच मॅनिटोक थॉम्प्सन. हा प्रस्ताव मंजूर झाला असता तर जगातले पहिले समसमान विधिमंडळ उत्तर ध्रुवाच्या वाटेवर उभे राहिले असते, म्हणून मला त्याची हळहळ वाटते.

नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये पक्षच नाहीत. सगळे अपक्ष म्हणून निवडून येतात आणि मग आमदारच आपल्यातून मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात. या पद्धतीतून १९९१ मध्ये नेली कुर्नोया मुख्यमंत्री झाल्या, कॅनडातल्या पहिल्या मूळनिवासी महिला मुख्यमंत्री. मात्र २०१५ मध्ये एकोणीस आमदारांत दोनच स्त्रिया होत्या. २०१९ मध्ये नऊ झाल्या, कॅरोलिन कॉक्रेन मुख्यमंत्री झाल्या, आणि २०२१ च्या एका पोटनिवडणुकीनंतर दहा. स्त्रियांचे बहुमत असलेले कॅनडातले ते पहिले विधिमंडळ. पक्षाचे तिकीट वाटणारी मंडळी नसतात तिथे उमेदवाराला कोणी अडवत नाही, तसे कोणी पुढेही आणत नाही; त्यामुळे एका निवडणुकीत दोन आणि पुढच्या निवडणुकीत नऊ असा मोठा झोका शक्य होतो.

युकॉनमध्ये मात्र या सगळ्याच्या खाली एक जुना थर आहे. इथल्या बऱ्याच मूळनिवासी समाजांत माणसाचे कुळ आईकडून येते. माणूस लांडग्याच्या बाजूचा असतो नाहीतर कावळ्याच्या, आणि लग्न दुसऱ्या बाजूच्या माणसाशीच होते. केटचे आणि तिच्या भावाचे कुळ त्यांच्या आईचे होते. केंद्राच्या 'इंडियन कायद्या'ने नेमके याच्या उलट केले. नोंदणीकृत स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की तिची नोंद रद्द, तिच्या मुलांची नोंद नाही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर तिचीही नोंद होई. हा नियम १९८५ मध्ये बदलला. म्हणजे ज्या समाजात ओळख आईच्या बाजूने चालत आली होती, तिथे सरकारी वहीत आईचाच धागा तोडला जात होता. याला उत्तर म्हणून युकॉनमधल्या मूळनिवासींनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या जमिनीच्या वाटाघाटींत कालांतराने नोंद असलेले आणि नसलेले असे सगळेच एकत्र आले, आणि अंतिम करारात सदस्यत्व केंद्राच्या वहीवर अवलंबून ठेवले नाही. आज युकॉनमधल्या चौदा 'फर्स्ट नेशन्स'पैकी, म्हणजे मूळनिवासी समाजांपैकी, अकरांना स्वशासन आहे. टेस्लिन त्लिंगिट समाजाचा कारभार तर त्यांच्या पाच कुळांच्या आधारानेच चालतो, आणि कुळ आईकडून येते.

विधानसभेतही या समाजातल्या स्त्रिया पोहोचल्या. १९८२ मध्ये निवडून आलेल्या मार्गारेट कमोडोर पुढे युकॉनच्या न्यायमंत्री झाल्या. कॅनडात हे खाते सांभाळणारी ती पहिली मूळनिवासी स्त्री.

२९ मे १९९३ रोजी युकॉनच्या फर्स्ट नेशन्स, प्रादेशिक सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात जमिनीच्या त्या वाटाघाटींतला मुख्य करार झाला. फर्स्ट नेशन्सच्या बाजूने त्यावर सही केली त्यांच्या परिषदेच्या अध्यक्ष ज्युडी गिंगेल यांनी. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांची युकॉनच्या आयुक्तपदी नेमणूक झाली. त्या खुर्चीवर बसलेली ही पहिली मूळनिवासी व्यक्ती. तोवर त्या खुर्चीकडे उरले होते ते विधानसभेने मंजूर केलेल्या कायद्यांना संमती देण्याचे काम, पण ज्या कारभाराने शंभर वर्षांपूर्वी केटच्या माणसांना काही विचारले नव्हते, त्याच कारभाराच्या कायद्यांखाली आता त्यांच्यातल्या एका बाईची सही असे.